एक सिरिंज आणि दोघी बहिणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वयात येणाऱ्या मुलींच्या भयपटांवरचा लेख वाचला. त्यात ‘जिंजर स्नॅप्स’ या कॅनडातल्या चित्रपटाला एक परिच्छेद मिळाला आहे. मराठी वर्तमानपत्रात या चित्रपटाचं नाव दिसणं हीच नवलाची गोष्ट, म्हणून आधी आभार. पण त्या एका परिच्छेदात नरलांडगा (चावला की माणसाचाही लांडगा करणारा प्राणी) चावल्यामुळे मुलीला पाळी येते असं लिहिलं आहे, चांदीने तिच्यावर इलाज होतो असं लिहिलं आहे, आणि शेवटी धाकटी बहीण थोरलीचा खून करते असंही लिहिलं आहे. तिन्ही विधानं चुकीची आहेत. नुसता तपशील चुकला असता तर पत्र लिहायचे कष्ट घेतले नसते. पण या तीन जागा हलल्या की दोन बहिणी एकमेकींपासून कशा तुटत गेल्या हा मूळ विषय निसटतो आणि हाती नुसता केसाळ प्राणी उरतो.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. (पुढे शेवटही सांगणार आहोत. आता या चित्रपटाला पंचवीस वर्षं होऊन गेली, तेव्हा रहस्यभेदाचा आरोप आम्हाला मान्य नाही.) चित्रपट २००० सालचा, १०८ मिनिटांचा. दिग्दर्शक जॉन फॉसेट, पटकथा केरन वॉल्टन यांची. गाव बेली डाउन्स, हे काल्पनिक. टोरोंटोभोवतीच्या एटोबिको, ब्रॅम्प्टन, स्कारबरो या उपनगरांत ते उभं केलं. एकसारखी घरं, एकसारखी कुंपणं, आणि रात्री कोणाचा तरी कुत्रा फाडून टाकणारं काहीतरी. जिंजर फिट्झगेराल्ड सोळाची होत आलेली, ब्रिजिट पंधराची. दोघी घराच्या तळघरातल्या एकाच खोलीत राहतात, काळेढगळे कपडे घालतात, आणि लहानपणी घेतलेली एक शपथ पाळतात: सोळाव्या वर्षापर्यंत या गावातून निघायचं, नाही जमलं तर दोघींनी इथेच एकत्र मरायचं. नावातली गंमत मराठीत आणता येत नाही. जिंजर स्नॅप्स म्हणजे आल्याची कडक बिस्किटं, पण त्या दुसऱ्या शब्दात फोटो काढणंही आहे आणि कडकन मोडणंही आहे. चित्रपटात तिन्ही अर्थ वसूल केले आहेत, बिस्किटाचा सर्वांत कमी.

आता पहिली चूक. घटनांचा क्रम असा आहे: शाळेतल्या एका दांडगट मुलीची खोड मोडायची म्हणून दोघी बहिणी तिचा कुत्रा पळवायला रात्री बाहेर पडतात. वाटेत मेलेला कुत्रा सापडतो. तेवढ्यात जिंजरला पहिली पाळी येते. दोघींनाही ती वयाच्या मानाने उशीरच झालेली असते. त्या रक्ताच्या वासाने प्राणी येतो आणि जिंजरला ओढून नेतो. म्हणजे पाळी आधी, चावा नंतर. इंग्रजीत पाळीला ‘शाप’ म्हणायची जुनी रीत आहे आणि पटकथा त्या शब्दाशी मनसोक्त खेळते. आपल्याकडे याला तोडीस तोड शब्दप्रयोग आहे, ‘कावळा शिवला’. कुणीतरी बाहेरचं येऊन शिवतं आणि मुलगी घरातल्यांपासून बाजूला बसते. वॉल्टनबाईंना मराठी येत असती तर त्यांनी हा वाक्प्रचार सोडला नसता. मराठी उपशीर्षकं करायची कुणाच्या मनात असेल तर ‘शाप’ हा शब्द बाजूला ठेवून हा कावळा घ्यावा, निम्मे विनोद आपोआप बसतात.

क्रमाला इतकं महत्त्व का द्यायचं? चावा आधी आणि पाळी नंतर असती, तर बाईपण हाच राक्षस असा अर्थ निघाला असता, आणि हा आरोप या चित्रपटावर अधूनमधून होतोच. पाळी आधी आल्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या राहतात. एक शरीराची, जी सगळ्यांना येते. दुसरी बाहेरून आलेली लागण. मोठी माणसं या दोहोंत गल्लत करतात आणि तिथेच घात होतो. ब्रिजिट बहिणीला घेऊन शाळेतल्या परिचारिकेकडे जाते. नको इतकं रक्त, नको तिथे केस, वेदना, सगळं सांगते. बाई हसतमुखाने सांगतात की हे अगदी नॉर्मल आहे, दर अठ्ठावीस दिवसांनी, पुढची तीसेक वर्षं. चित्रपटातलं सगळ्यांत भयंकर दृश्य कोणतं असं विचारलं तर आम्ही हे सांगू. त्यात ना प्राणी आहे ना काळोख. एक मुलगी बरोबर लक्षणं सांगते आहे आणि ऐकणाऱ्याकडे उत्तर आधीच तयार आहे.

बहिणींमधली पहिली भेग मात्र चाव्याच्याही आधीची आहे. सुरुवातीच्या नामावलीबरोबर जे फोटो दिसतात, त्यांत दोघींनी स्वतःचेच मृत्यू मांडलेले आहेत: एक कुंपणाच्या टोकदार फळ्यांवर, एक गवत कापायच्या यंत्राखाली. गावातल्या जीवनावर शाळेत प्रकल्प द्यायचा होता, तो यांनी असा केला. वर्गात स्लाइड शो होतो, मास्तर हादरतात, आणि मुलांमधून मागणी येते की जिंजरचे फोटो पुन्हा दाखवा. तो क्षण चुटकीसरशी जातो. पण दोघींनी मिळून केलेल्या कामातून वर्गाने एकीलाच उचललं, आणि दुसरी त्याच चौकटीत असून कुणाला दिसली नाही. ब्रिजिटला ते कळतं. जिंजरला ते आवडतं की नाही हे तिचं तिला अजून ठरवता आलेलं नाही. लांडगा येतो तो या फटीतून, असं आमचं मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी पहिली पंधरा-वीस मिनिटं पुन्हा पाहावीत.

दुसरी चूक चांदीची. जिंजरच्या खांद्यावरच्या जखमा घरी पोचेपर्यंत भरायला लागलेल्या असतात, पुढे त्यातून केस फुटतात, शेपूट येते, तिला सगळ्या जगाचा राग येतो आणि मुलग्यांचा सोस लागतो. ब्रिजिट एक उपाय करून पाहते: शुद्ध चांदीची कडी, जिंजरच्या बेंबीत टोचून. काहीही होत नाही. ही जागा पटकथेने मुद्दाम ठेवली आहे. इथून पुढे चंद्र, चांदी, मंत्र यांचा हिशेब बंद आणि रक्तातून, शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजाराचा हिशेब सुरू. जिंजर कोणतीही काळजी न घेता जेसन नावाच्या मुलाबरोबर जाते आणि त्याला लागण होते. त्याच्या लघवीतून रक्त जायला लागतं. एड्सच्या धास्तीत गेलेल्या नव्वदच्या दशकात लिहिलेल्या पटकथेत हे का आलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मग येतो सॅम, गांजा विकणारा, काचेच्या घरात झाडं वाढवणारा पोरगा. त्याच्याच गाडीखाली तो पहिला प्राणी चिरडला होता, त्यामुळे ब्रिजिटचं बोलणं ऐकून घेणारा तो एकटाच. इथे वॉल्टन यांनी एक फार हुशार काम केलं आहे. ब्रिजिट त्याला सांगते की लागण तिलाच झाली आहे. बहिणीचं नाव सांगायचं नाही म्हणून बहिणीच्या जागी स्वतः उभी राहते. खोटं एवढंच. पण त्यामुळे काय काय होतं पाहा. सॅमला वाटतं की वाचवायचं ते ब्रिजिटला. ब्रिजिटला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी धडपडतंय याची चव लागते. जिंजरला दिसतं की आपल्या बहिणीची आपल्याशिवाय कुणाशी तरी ऊठबस आहे. आणि जे तोंडाने म्हटलं ते शेवटी अंगावर येतं, ब्रिजिट खरोखरच लागण ओढवून घेते. एका खोट्यातून चार गोष्टी निघतात आणि चारही बहिणींना एकमेकींपासून लांब नेतात, तेही बहिणीला वाचवण्याच्या कामात. सबंध चित्रपटाची चावी ही आहे. वाचवायचा प्रत्येक प्रयत्न दोघींमधलं अंतर वाढवतो.

या लागणीवरच्या उताऱ्याचं झाड इंग्रजीत ‘मंक्सहूड’, म्हणजे आपल्या वचनागाच्या (बचनागाच्या) कुळातलं. चित्रपटात आई हस्तकलेच्या दुकानातून ती वाळकी फुलं आणते, पोरं ती उकळून सिरिंजमध्ये भरतात. इथे जरा वाट सोडून बोलणं भाग आहे, कारण आपल्याकडे हे मूळ काष्ठौषधींच्या दुकानात ओळखीचं आहे. वचनागातलं ॲकोनिटिन हे हृदयाच्या आणि मज्जातंतूंच्या पेशींमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, ती मिटूच देत नाही. आधी जीभ-ओठ मुंग्या आल्यासारखे बधिर, मग उलट्या, मग हृदयाचे ठोके बेताल. दोनेक मिलिग्रॅम शुद्ध विषही माणसाला पुरतं, त्यावर ठरलेला असा प्रतिविषाचा डोस नाही, आणि हाताळताना ते कातडीतूनही आत जातं. आयुर्वेदात ते गोमूत्रात शोधन करूनच वापरतात आणि तेही वैद्याच्या हाताने. चित्रपटात ते सरळ शिरेत जातं. ही कल्पना पडद्यावरच ठेवावी. शाळा-महाविद्यालयात चित्रपट दाखवणाऱ्यांनी चर्चेत हे सांगायला विसरू नये.

तर पुन्हा बहिणींकडे. मध्यावर ती दांडगट मुलगी, ट्रिना, घरी येते, झटापट होते आणि स्वयंपाकघरात घसरून ओट्याच्या कडेवर डोकं आपटून मरते. खून नाही, अपघात. आई-बाप दारात. दोघी प्रेत फ्रीजरमध्ये कोंबतात, नंतर ते चिकटून बसलेलं बाहेर काढताना दोन बोटं मोडतात, आणि रात्री पुरून टाकतात. हा सगळा प्रकार किळसवाणा आणि त्याच वेळी विनोदी आहे. पण नीट पाहिलं तर कितीतरी वेळाने दोघी एका लयीत काम करताना दिसतात, एकीने धरायचं, दुसरीने ढकलायचं, एकीने बोलायचं, दुसरीने गप्प बसायचं. जुनं सख्य परत आलं ते प्रेतामुळे. आणि त्यातलं एक मोडलेलं बोट हरवतं, आईला सापडतं. सख्याची खूण तीच गुन्ह्याची खूण.

हॅलोविनच्या दिवशी ब्रिजिट थोरलीला न्हाणीघरात कोंडते आणि उतारा घेऊन यायला निघते. येताना वाटेत जेसन अंगावर येतो, तिला सिरिंज त्याच्यावर वापरावी लागते. जेसन शांत होतो. औषध लागू पडतं हे सिद्ध झालं, आणि ज्या क्षणी सिद्ध झालं त्या क्षणी संपलं. इथे पटकथेचं गणित बघण्यासारखं आहे. औषध लागू पडत नसतं तर शोकांतिका झाली नसती, नुसती दुर्दैवाची गोष्ट झाली असती. तिकडे जिंजर न्हाणीघरातून सुटून शाळेत दोन माणसं मारते. मग सॅमच्या काचघरातल्या पार्टीत दोघी समोरासमोर येतात. ब्रिजिट तळहात चिरून आपलं रक्त बहिणीच्या रक्तात मिसळते. लहानपणीच्या शपथेसारखंच हे रक्त, पण या वेळी सोबत मरायला नव्हे, तिला आपल्याबरोबर घरी न्यायला. आता आजारी दोघी. घरी सॅम पुन्हा औषध तयार करतो आणि जिंजरच्या तावडीत सापडतो. ब्रिजिटच्या हाती येते एक सिरिंज.

तिसरी चूक इथली. शेवट त्याच तळघरातल्या खोलीत आहे, भिंतीवर त्यांचे मृत्यूचे फोटो. ब्रिजिटच्या एका हातात सुरी, दुसऱ्या हातात सिरिंज. त्याआधी ती बहिणीला सांगून टाकते की या खोलीत तुझ्याबरोबर मी मरणार नाही. शपथ त्या वाक्याने मोडली, सुरीने नव्हे. नंतर जिंजर (आता तिच्यात जिंजरचं काही ओळखू येत नाही) झेप घेते ती सुरीवर. ब्रिजिट खून करत नाही. ती हात पुढे धरून उभी असते आणि बहीण स्वतः येते, अशी ती जागा आहे. मग ती त्या श्वास लागलेल्या अंगावर डोकं टेकून पडून राहते आणि चित्रपट संपतो. तिला स्वतःलाही लागण आहे, सिरिंज तिच्याजवळ आहे, ती टोचून घेईल का, हे आपल्याला दाखवलेलं नाही. २००४ साली आलेल्या दुसऱ्या भागात ती वचनाग स्वतःला टोचत राहते आणि कळतं की त्याने आजार बरा होत नाही, फक्त लांबतो. पण हे नंतरचं. पहिल्या भागाच्या शेवटी सुरी की सिरिंज हा प्रश्न तसाच उघडा ठेवला आहे. ‘धाकटी थोरलीला मारते’ असं लिहिलं की तो मिटून जातो.

आईविषयी लेखात एक अक्षर नाही याचं वाईट वाटलं. मिमी रॉजर्सने केलेली ही पॅमेला आधी हास्यास्पद वाटते, सणासुदीचे स्वेटर घालून फिरणारी, नवऱ्याकडे ढुंकून न पाहणारी. थोरलीला पाळी आली हे कळल्यावर ती जेवणाच्या टेबलावर लाल सॉस ओतलेला केक आणते. आपल्याकडच्या जुन्या पिढीला यात नवल वाटणार नाही, न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवून ओटी भरायची पद्धत महाराष्ट्रातही होतीच. आणि त्या मखरात बसलेल्या मुलीचा चेहराही बहुधा जिंजरसारखाच असणार. पण हीच आई पुढे प्रेत सापडल्यावर पोलिसांत जात नाही. मुलींना घेऊन निघून जायचं, घरात गॅस सोडून काडी लावायची, नवऱ्याला मागे सोडायचं, असा तिचा बेत असतो. दोष कुणाचा हे तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलेलं असतं. प्रेक्षक हसावा की घाबरावा ते त्या गाडीतल्या दृश्यात कळेनासं होतं. बाप या घरात आहे एवढंच.

चित्रपट कसा झाला हेही थोडं सांगायला हवं, कारण बहिणी खऱ्या वाटतात त्याचं निम्मं श्रेय तिथे आहे. वॉल्टन आधी हे लिहायला तयार नव्हत्या; भयपटात बायकांची पात्रं कशी रंगवतात ते त्यांना माहीत होतं. मग १९९९ उजाडलं. २० एप्रिलला अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला आणि आठ दिवसांनी, २८ एप्रिलला, कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या टेबर गावच्या शाळेत. शाळकरी मुलांच्या रक्तपाताचा चित्रपट आणि त्याला टेलिफिल्म कॅनडा या सरकारी संस्थेचा पैसा, यावरून वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. कलाकार निवडून देणाऱ्या अनेकांनी हात वर केले. शेवटी दोघी सापडल्या त्या व्हँकुव्हरमध्ये, एकाच दिवशी चाचणी दिलेल्या, मुळात एकमेकींना ओळखणाऱ्या: एमिली पर्किन्स आणि कॅथरीन इसाबेल. यातली पर्किन्स काही वर्षांनी मोठी, आणि तिने केली धाकटी. त्यामुळे ब्रिजिटच्या डोळ्यांत जी समज दिसते ती नुसत्या अभिनयाची नाही. डोक्यावर मात्र टोप आहे, कारण तिने केस कापून टाकलेले होते.

आपल्या लेखात ‘संगणकाची करामत’ असे शब्द आले आहेत. संगणक इथे नाही. रूपांतराचं काम पॉल जोन्स यांच्या रंगभूषा पथकाचं आहे, हाताने केलेलं. शेवटच्या टप्प्यांत इसाबेलला सात तासांपर्यंत खुर्चीत बसावं लागे आणि उतरवायला आणखी दोन. नकली दातांमुळे बोलणं बोबडं, डोळ्यांतल्या भिंगांमुळे समोरचं धूसर, आणि पूर्ण चेहऱ्याच्या मुखवट्यामुळे नाक सतत वाहतं, ते कापसाच्या काडीने थोपवायचं. नकली रक्त इतकं चिकट की ते बोरॅक्स आणि कपड्याच्या साबणाने काढावं लागे. चित्रीकरण सहा आठवड्यांचं, ऑक्टोबर ते डिसेंबर, टोरोंटोच्या थंडीत.

हे सगळं इतक्या खोलात सांगायचं कारण असं की अलीकडे आपल्याकडे लघुपट करणारी मुलंमुली ‘दोन बहिणी आणि एक बाधा’ या धर्तीच्या संहिता घेऊन येतात, आणि त्याच त्या ठिकाणी अडकतात. रंगभूषेपासून सुरुवात करू. चित्रीकरण क्रमाने होत नाही, रूपांतर क्रमाने व्हायला हवं. म्हणून एक तक्ता लागतो: दृश्य क्रमांक, गोष्टीतला दिवस, केस, नखं, दात, डोळे, जखम, बोलण्यातला फरक, आणि त्या दिवशी बहिणीला यातलं काय माहीत आहे. शेवटचा रकाना सगळे विसरतात. मग धाकटी चौथ्या दृश्यात जे पाहून दचकते ते तिने दुसऱ्याच दृश्यात पाहिलेलं असतं. फोम लॅटेक्सचे (रबरी फेसाचे) तुकडे लावणार असाल तर लक्षात ठेवा, काढताना त्यांच्या कडा फाटतात, त्यामुळे चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसाला नवा तुकडा हवा. तीन दिवसांचं काम असेल तर चार करून ठेवा. आपल्या हवेत घाम कडेखाली साचतो आणि तुकडा गालावरून सुटतो, तेव्हा कपाळ आणि हनुवटी टाळून मान, खांदा, पाठ इथे बदल दाखवणं स्वस्त पडतं. ‘जिंजर स्नॅप्स’मध्येही बराच काळ बदल कपड्यांखालीच आहे, खांद्यावर आणि पाठीच्या खाली. लपवण्यासारखं काही असलं की बहिणींच्या दृश्याला आपोआप ताण येतो.

रक्तासाठी बेकरीचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज आणावं. एक कप ग्लुकोजला दोन मोठे चमचे कोमट पाणी, एक छोटा चमचा खाण्याचा लाल रंग, अर्धा छोटा चमचा कोको, आणि निळ्या रंगाचा एखादाच थेंब. निळा जास्त झाला की जांभूळ सरबत दिसतं. कोको आधी पाण्यात कालवून घ्यावा, नाहीतर गुठळ्या कॅमेऱ्यात दिसतात. दिव्यांच्या उष्णतेने हे आटून तारेवर येतं, तेव्हा दर अर्ध्या तासाने पाण्याचा हबका मारावा. साखर असल्यामुळे मुंग्या येणारच. ज्या खोलीत प्रेत पडून राहायचं आहे तिथे आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा. गोऱ्या कातडीवर आणि नखांच्या कडेला रंग दोन दिवस टिकतो, म्हणून लावण्याआधी हातापायांना खोबरेल चोळावं. बोरॅक्स कपड्यांपुरता ठेवावा, कातडीवर घासू नये.

संहितेतली मोठी चूक मात्र वेगळी. बहुतेक जण थोरलीला बिघडवतात आणि धाकटीला गरीब गाय करतात, मध्ये एक मुलगा घालतात, आणि दोघी त्याच्यावरून भांडतात. सॅम वरवर तसाच वाटतो, पण जिंजरला सॅम नको आहे, तिला ब्रिजिट परत हवी आहे. दुसरं म्हणजे बाधा पहिल्याच पानावर येते. बहिणी बाधेआधी कशा होत्या हे पाहिलंच नाही तर त्या तुटल्या हे कळणार कशावरून? त्यांची स्वतःची बोली हवी, टोपणनावं हवीत, इतरांना न कळणारा एखादा खेळ हवा. इथे मृत्यूचे फोटो आहेत, मराठी घरात ते काय असेल ते लिहिणाऱ्याने शोधावं, फोटोच उचलू नयेत. तिसरं, उपाय मोजका ठेवावा. एक सिरिंज, एक रात्र, दोन आजारी. उपाय भरपूर असला की बहिणींना एकमेकींत निवड करावी लागत नाही, आणि निवड नसली की उरलेली वीस मिनिटं नुसती पळापळ होते.

जाता जाता एक भर. फॉसेट आणि वॉल्टन पुढे २०१३ साली सुरू झालेल्या ‘ऑर्फन ब्लॅक’ या मालिकेवर पुन्हा एकत्र होते, आणि त्यातली मुख्य अभिनेत्री तातियाना मस्लानी ‘जिंजर स्नॅप्स’च्या दुसऱ्या भागात दिसली होती. तिथेही विषय बहिणींचाच, एकाच चेहऱ्याच्या अनेक.

आपण दुरुस्ती छापणार असाल तर जागा कमी असते हे आम्ही जाणतो. तेव्हा चांदी राहू द्या, संगणकही राहू द्या. आपल्या परिच्छेदात जिंजरचं नाव तीनदा आलं आहे आणि धाकटीचा उल्लेख शेवटपर्यंत ‘तिची बहीण’ असाच आहे. वर्गातल्या मुलांनीही तेच केलं होतं. तिचं नाव ब्रिजिट, आणि चित्रपट तिचा आहे. एवढं छापलंत तरी चालेल.

कळावे,
आपले,
फिल्म सोसायटीतले काही वाचक, पुणे